सल्ला देणाऱ्याने गाडीत बसायचं

संपादकांनी फोनवर सांगितलं, "काकू, तुमच्या व्यवसायातला संघर्ष लिहा." मी म्हटलं, संघर्ष आमच्याकडे गिऱ्हाईक करतं, आम्ही नुसते सुटे भाग विकतो. त्यावर ते हसले आणि म्हणाले, मग तेच लिहा. तेव्हा यात चढउतार, जिद्द, महिला उद्योजिका वगैरे शोधू नका. ते दुसऱ्या पानावर कुणीतरी लिहिलेलं असेलच.

आळेफाट्याला आमचं दुकान आहे. जुन्या चारचाकी गाड्यांचे सुटे भाग मिळतात. जुन्या म्हणजे ज्यांचं मॉडेल कंपनीनं बंद केलं, आणि ज्या विकताना पहिल्या मालकानं सुस्कारा सोडला, त्या गाड्या. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये यांचं गॅरेज. हे म्हणजे माझे यजमान. यांचं बोलणं फार कमी. गिऱ्हाइकानं काहीही सांगितलं की यांचं एकच उत्तर, "बघतो." मुलगी बघायला आले तेव्हा पसंत आहे का विचारल्यावरही "बघतो" म्हणाले होते, असं सासूबाई सांगायच्या. मग बोलायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते काउंटरवर बसून आयुष्यभर केलं. आता काउंटर मुलगा सांभाळतो. मी दुपारी तासभर जाते आणि त्यानं फॅनबेल्ट चुकीच्या खुंटीला लावलेत ते दाखवून परत येते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पार्ट विकणं म्हणजे मागितलेली वस्तू काढून द्यायची. पण आमच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते त्यालाच ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतो फक्त आवाज. "वहिनी, गाडीतून आवाज येतोय." कसला? मग तो आवाज काढून दाखवतो. भर फाट्यावर, मिशा असलेला, चांगला बागायतदार माणूस काउंटरवर हात टेकून "कुंई कुंई कुंई" करतो. ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, असं विचारलं की तो परत सगळं पहिल्यापासून करतो. एकाला आवाज नीट काढता येईना, तेव्हा गाडीत बसलेल्या त्याच्या बायकोनं खिडकीतून डोकं काढून असा हुबेहूब "खर्र-टक" काढला की आतून हे उठून आले आणि म्हणाले, "बेअरिंग." यांनी न बघता दिलेलं हे एकमेव निदान.

दुसरी गोष्ट म्हणजे 'फक्त'. जुन्या गाडीचा मालक कधीही गाडी बिघडली म्हणत नाही. "गाडी एकदम ओके आहे, फक्त दुसरा गिअर पडत नाही." "इंजिन तर लोणी आहे, फक्त तेल पिते." एकजण टेम्पोनं ओढून आणलेल्या गाडीशेजारी उभा राहून मला म्हणाला होता, बाकी काही प्रॉब्लेम नाही, फक्त चालू होत नाही. नव्या गाडीचा मालक आरशावर ओरखडा पडला तरी तोंड पाडून येतो. आमचा माणूस बंपर मागच्या सीटवर ठेवून हसत येतो. मला म्हणून हीच जमात आवडत आली.

दुकानापुढे पिंपळाखाली एक बाक होता. पार्ट नारायणगावाहून किंवा पुण्याहून यायचा असला की गिऱ्हाईक तिथं बसे. पार्ट येऊन, लागून, गाडी गेली तरी काही लोक बसूनच राहिले. त्यांचा पुढारी राजुरीचे तात्या. कांदा, डाळिंब, दोन मुलं मार्गी लागलेली, आणि दारात एक म्हातारी डिझेल गाडी. गाडीला काहीही झालं तरी तात्यांच्या मते तो करंटचा प्रॉब्लेम. टायर पंक्चर झालं तर मात्र ते क्षणभर थांबत. दुसरा बाळू केटरर. याच्या व्हॅनमध्ये कायम मोठी पातेली, झारे आणि कालच्या लग्नातल्या मठ्ठ्याचा वास. बाळूचे सगळे उपाय स्वयंपाकघरातले.

त्या बाकावर सल्ला फुकट मिळे आणि मागावाही लागत नसे. कुणी नुसतं बॉनेट उघडलं तरी हे दोघे डोकं घालत. इंजिनचा लाल दिवा लागला? वर काळी चिकटपट्टी लावा. दार लागत नाही? दोरीनं बांधा, उतरताना पलीकडून उतरा. अशा सल्ल्यानं कुणाचं फारसं वाईट होत नसे. पण एकदा ओतूरच्या एका माणसाचा रेडिएटर गळत होता. बाळूनं सांगितलं, हळद टाका, भोक बुजतं. यात तथ्य आहे, चिमूटभर टाकली तर बुजतं. बाळू मात्र पाचशे पानांच्या हिशेबानं विचार करणारा. त्या माणसानं अख्खी पुडी ओतली. भोक बुजलं, आणि त्याबरोबर रेडिएटरमधलं होतं नव्हतं ते सगळं बुजलं. ओतूरच्या अलीकडे गाडीनं झाकण उडवलं आणि बॉनेटमधून पिवळीधमक वाफ आली. तो माणूस भांडायला आला तो माझ्याकडे, कारण बाक माझा. शर्टावर डाग असे की हळदीच्या कार्यक्रमातूनच उठून आलाय.

त्या दिवशी मी नियम केला. सल्ला कुणीही द्यावा, हरकत नाही. पण ज्यानं सल्ला दिला त्यानं त्या गाडीत बसायचं आणि ती पोचते तिथपर्यंत जायचं. परत कसं यायचं ते त्याचं तो बघेल.

दुसऱ्याच दिवशी बाकावर इतकी शांतता पसरली की पिंपळाची पानं ऐकू येऊ लागली. आधी जो माणूस "काही होत नाही, चालव बिनधास्त" म्हणायचा, तो आता म्हणू लागला, "एकदा मिस्त्रीला दाखवून घ्या." तात्या दोनदा नगरच्या रस्त्याला लांब जाऊन मालट्रकनं परत आले आणि त्यांचा करंटवरचा विश्वास थोडा कमी झाला. नियम गावोगाव गेला. नवं गिऱ्हाईक आधी विचारायचं, सल्ला पाहिजे, बसणारा कोण आहे?

मी स्वतः कधी सल्ला दिला नाही. लोकांना वाटे, बाई जबाबदार आहे. खरं कारण वेगळं होतं, ते इथं पहिल्यांदा सांगते. मला गाडी लागते. जन्मभर गाड्यांचे भाग विकले, पण जुन्या गाडीतला तो पेट्रोलचा वास नाकात गेला की फाट्यावरून राजुरीला पोचेपर्यंत माझ्या पोटातलं सगळं बाहेर येतं. एस.टी.त खिडकीशी बसले तर जमतं. म्हणून काउंटरच्या पलीकडे मी कधी गेलेच नाही.

मग किसनभाऊ आला.

किसनभाऊ जुन्नरच्या पश्चिमेचा. आपटाळ्याच्या पुढे घाट चढून गेलं की वर एक वाडी आहे, तिथला. भाताची खाचरं, थोडी नाचणी, आणि कुठून तरी घेतलेली एक जुनी डबा व्हॅन, सरकत्या दाराची. तिच्या पार्टसाठी एवढ्या लांब फाट्याला यायचं कारण, असे पार्ट आता आमच्याशिवाय कुणाकडे नसतात. बोलणं हळू, उन्हात उभा राहील पण सावलीतला माणूस उठवणार नाही, असा स्वभाव.

"वैनी, गाडी लई बेस हाय," तो म्हणाला. "फकस्त घाटात थांबती."

खाली कितीही पळवा, काही नाही. पण जुन्नर सोडून घाट अर्धा चढला की गाडी आचके देऊन बंद. अर्धा तास बसलं की आपोआप चालू. वर पोचायच्या आत पुन्हा एकदा थांबायची. यांनी पंप बघितला, कार्बोरेटर साफ केला, राजुरीपर्यंत चालवून आणली. राजुरीपर्यंत ती हरणासारखी पळाली. यांनी पहिल्यांदाच "बघतो"च्या ऐवजी "काही दिसत नाही" म्हटलं, तेव्हा मला थोडी काळजी वाटली.

काळजी किसनभाऊला जास्त होती. त्याची मुलगी हिरा मंचरला दिलेली, पहिलटकरीण. सासरची माणसं चांगली होती. त्यांचं म्हणणं, इथं दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, सूनबाईला इथंच राहू द्या. किसनभाऊनं ऐकलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि घाटावरून खाली न्यायला दारात स्वतःची गाडी आहे, असं त्यानं व्याह्यांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. हिरा वाडीवर येऊन राहिली होती. आणि आता ही छातीवर हात ठेवून सांगितलेली गाडी घाटात अर्धा अर्धा तास बसू लागली होती. हे व्याह्यांच्या कानावर गेलं तर ते मुलीला घेऊन जाणार, आणि गेलं नाही तर ऐन कळांमध्ये गाडी वळणावर थांबणार. त्यानं हे सगळं टायरकडे बघत सांगितलं.

बाक जागा झाला. बाळू म्हणाला, पेट्रोल तापून वाफ होते, पंपावर ओलं फडकं टाका. नियमाप्रमाणे बाळू फडकं घेऊन गाडीत बसला. गाडी वळणावर थांबली. बाळूनं फडकं भिजवलं, टाकलं, अर्ध्या तासानं गाडी चालू झाली, बाळूनं श्रेय घेतलं, आणि पुढच्या चढाला गाडी परत थांबली. बाळू आपटाळ्यापर्यंत चालत आला. लग्नाची सुपारी होती, तिथं वरणाला फोडणी दुसऱ्यानंच दिली. पुढच्या खेपेला तात्यांनी करंट काढला. कॉइल बदलायला लावली आणि ऐटीत पुढच्या सीटवर बसून गेले. त्याच वळणावर थांबले. तात्या परत आल्यावर काही दिवस बाकाकडे फिरकलेच नाहीत, घरी कांद्याची प्रतवारी करत बसले म्हणे.

तिसऱ्या खेपेला किसनभाऊ आला तेव्हा डोळे ओढलेले होते. दुसऱ्या दिवशी हिराला तपासायला जुन्नरच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं होतं. बाकावर आता कुणी तोंड उघडेना. मला त्याच्याकडे बघवेना, आणि मी काउंटरवरून बोलून गेले, "किसनभाऊ, ही गाडी विकून टाका. पोरीला मंचरला पाठवा. उगाच जिवाशी खेळ नको."

तो काउंटरपाशी आला. मग म्हणाला, "वैनी, ह्यो सल्ला झाला का न्हाई?"

मी म्हटलं, "झाला."

"मंग बसा."

त्याच्या बोलण्यात वाकडेपणा अजिबात नव्हता. नियम आहे म्हणून तो म्हणाला. बाकावरचे दोघे मात्र इतक्या आनंदानं उठले की काय सांगू. निघायचं दुसऱ्या सकाळी होतं, तरी माझ्यासाठी दार सरकवायला तात्या स्वतः धावले. बाळूनं विचारलं, "वहिनी, परत यायला आपटाळ्यापर्यंतची पायवाट सांगू का?"

त्या रात्री किसनभाऊ गॅरेजमध्येच झोपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदरात लिंबू, पर्समध्ये आवळासुपारी आणि हातात पिशव्यांचा गठ्ठा घेऊन व्हॅनमध्ये पुढे बसले. हे गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. म्हणाले, "बघ."

ओतूरवरून लेण्याद्रीच्या डोंगराखालून जुन्नरला उतरलो. किसनभाऊनं चालता चालता डोंगराकडे हात जोडले. मी दोन्ही हातांनी पिशवी धरून बसले होते. पोटात काही होईना. पहिल्यांदा वाटलं, भीतीनं पोट गोठलंय.

जुन्नरला गाडी थांबली आणि माणसं चढायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. एक आजी कोंबडी घेऊन. कडेवरच्या तापलेल्या मुलाला दवाखान्यात दाखवून आलेली एक बाई. खताची गोणी, जिच्याबरोबर माणूसच नव्हता, ती नुसती वर कुणाकडे तरी द्यायची होती. आजीनं मला विचारलं, "तू कुणाची गं?" मी म्हटलं, गाडीचे पार्ट विकते. आजी कौतुकानं म्हणाली, "मंग आमच्या गाडीची सोयरीकच म्हनायची."

आमची गाडी, असं म्हणाली. मी काल ज्या गाडीला विक म्हणाले ती एका किसनभाऊची नव्हतीच. माझं मला वाईट वाटलं, आणि बोलायची सोय नव्हती.

घाट सुरू झाला. अर्ध्यावर एक जांभळाचं झाड असलेलं वळण आलं, गाडीनं आचके दिले आणि थांबली. यानंतर जे घडलं ते बघून मला हसावं की रडावं कळेना. कुणी काही न सांगता सगळे उतरले. एकानं मागच्या चाकाला दगड लावला. तो दगड तिथंच ठेवलेला असायचा. आजीनं जांभळाखालची आपली जागा धरली आणि कोंबडीचा पाय मुळीला बांधला. तापलेल्या मुलाच्या आईनं ओच्यातली भाजी निवडायला घेतली. त्या वळणाला सगळे 'बसायचं वळण' म्हणत. माणसाला कशाचीही सवय होते, आणि जुन्या गाडीच्या माणसाला सगळ्यात लवकर.

किसनभाऊ बॉनेटपाशी गेला आणि उघडून नुसता बघत राहिला. मी उतरले. हातातली पिशवी कोरडी होती. लिंबूही वास न घेता तसंच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की मला गाडी लागलेली नाही. फाट्यापासून इथपर्यंत, जुन्या पेट्रोलच्या व्हॅनमध्ये, घाटात. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मी विचारलं, "किसनभाऊ, तुमच्या गाडीत पेट्रोलचा वास कसा येत नाही?"

एवढ्या काळजीतही त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "त्याचा बंदोबस्त म्या केलाय, वैनी. पोरीला वास सोसत न्हाई. मंचरवरनं आनली तवा वाटंनं वकून वकून लोळागोळा झाली. मंग म्या हे केलं." आणि त्यानं बाजूचं झाकण उघडून टाकीचं बूच दाखवलं. बुचाखाली दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक दुहेरी घातलेलं, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी इतकी करकचून आवळलेली की मुंगी जायला वाव नाही. दर वेळी पंपावर तो स्वतः सोडायचा आणि पेट्रोल भरलं की स्वतः बांधायचा.

ज्यांच्या घरी तेलाचा डबा येतो त्यांना हे मी सहज सांगू शकते. पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल आधी धार धरतं, मग गुचक्या देतं, मग थांबतं. दुसरं भोक पाडलं, आत हवा गेली, की सुरळीत. टाकीचंही तसंच आहे. पेट्रोल जेवढं जातं तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी बुचातच बारीक छिद्र ठेवलेलं असतं. त्याच वाटेनं वास बाहेर येतो. किसनभाऊनं मुलीसाठी वास बंद केला आणि त्याच्याबरोबर टाकीचा श्वासही. राजुरीपर्यंत काही होत नव्हतं, कारण तेवढं पेट्रोल जातच नव्हतं. घाटापर्यंत आल्यावर टाकी आतून चोखली जायची. अर्धा तास थांबलं की कुठून तरी थोडी हवा झिरपायची. यांनी, बाळूनं, तात्यांनी सगळ्यांनी इंजिनात डोकी घातली. मागच्या बाजूला कोण बघतो?

मी म्हटलं, सोडा ती पट्टी. त्यानं सोडली. बूच फिरवलं तर टाकीनं "फुस्स" करून एवढी हवा आत ओढली की कोंबडी पाय बांधलेल्या अवस्थेत उडाली. किसनभाऊनं चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू. भाजी अर्धीच निवडून झाली होती, त्या बाईला जरा राग आल्यासारखा वाटला.

बाकीचे चढले, पण किसनभाऊ ती पट्टी हातात घेऊन उभाच. म्हणाला, "वैनी, आता वास येनार. आज पोरीला खाली न्यायची हाय. तिच्या पोटात घासभर अन्न ठरत न्हाई हो."

मी म्हटलं, "भाऊ, ओकली तर ओकू द्या. पोचली पाहिजे."

आणि म्हटल्यावर लक्षात आलं की हाही सल्लाच झाला.

उरलेल्या चढाला माझी एक पिशवी कामी आली, पण गाडी न थांबता वाडीवर पोचली. हिरा दारात उभी होती, बारीकशी, पोट केवढं तरी पुढे. तिच्या आईनं मला नाचणीची भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी वाढली. मी दोन घास खाल्ले आणि हात आखडता घेतला, कारण पुढचं मला दिसत होतं. मग हिरा मागे आणि मी पुढे, अशा आम्ही खाली निघालो. पहिल्या वळणाला तिनं मागची काच सरकवली. दुसऱ्या वळणाला मी पुढची उघडली. घाटभर आम्ही दोघी दोन खिडक्यांतून एकमेकींना साथ देत होतो. मध्ये एकदा तिनं विचारलं, "तुमाला पन व्हय?" मी मान हलवली, बोलण्याची स्थिती नव्हती. लिंबू आम्ही अर्धं अर्धं वाटून घेतलं. किसनभाऊ आरशात बघत राहिला आणि प्रत्येक वळणाला म्हणत राहिला, "थांबली न्हाई बरं का. थांबली न्हाई."

जुन्नरला रुग्णालयाच्या दारात नर्सनं विचारलं, पेशंट कोण? माझ्या अवताराकडे बघून तिनं आधी मलाच खुर्ची दिली.

फाट्यावर परत आले ती एस.टी.नं. बाकावरच्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, करंटचा प्रॉब्लेम होता. तात्या तीन दिवस खूश होते. यांना खरं सांगितलं. हे उठले आणि गॅरेजमधल्या प्रत्येक गाडीचं बूच उघडून बघून आले.

काही आठवड्यांनी भल्या सकाळी किसनभाऊचा फोन आला. म्हणाला, "वैनी, नात झाली. दोगी बऱ्या हायती." आणि मग, जणू तेच मुख्य होतं, "गाडी न्हाई थांबली."

हिरा सासरी जायला निघाली तेव्हा ते सगळे वाकडी वाट करून फाट्यावर आले. त्याच व्हॅनमधून, बाळ तिच्या मांडीवर टोपडं घालून झोपलेलं. मी दाराशी गेले आणि वास नाकात गेल्याबरोबर दोन पावलं मागे सरले. तिला म्हटलं, "पोरी, अजून मळमळतं का गं?"

हिरा म्हणाली, "सुरवातीला मळमळायचं, मावशी. पर त्या दिशी कळा येत व्हत्या, डोळं मिटल्यालं, गाडी कुठवर आली कळत नव्हतं. तवा मी निस्ता वास घेत व्हते. वास येतोय तवर गाडी थांबत न्हाई, असं आबानं सांगितलं व्हतं." मग बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाली, "आता वास आला की जीव निवतो."

मी आत जाऊन उगाचच फॅनबेल्ट मोजायला लागले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि बाकावर तात्या बसलेले होते.

पिंपळ रस्तारुंदीत गेला, त्याबरोबर बाकही. तात्या, बाळू आणि आणखी शेकड्यानं माणसं आता फोनवरच्या एका ग्रुपवर असतात. जुन्या गाडीवाल्यांचा ग्रुप. मुलानं मलाही त्यात घातलं आहे. प्रश्न तेच आहेत. आवाज आता तोंडानं काढायच्या ऐवजी रेकॉर्ड करून टाकतात, त्यातली मजा गेली. सल्ले मात्र धो धो येतात, कारण कुणाला कशात बसायचं नाही. मुंबईचा माणूस जुन्नरच्या गाडीला सल्ला देतो, खाली अंगठे पडतात, आणि ती गाडी कुठे बंद पडली ते कुणी विचारत नाही. मी नुसती वाचते आणि चरफडते.

मागच्या आठवड्यात तिथं कुणीतरी विचारलं. घोडेगावकडचा माणूस, गाडी जुनी, घरात आजारी आई, तिला दवाखान्यात न्यावं लागतं. गाडीत पेट्रोलचा वास येतो, आईला त्रास होतो, काय करू? दहा मिनिटांत उत्तरं आली. बूच घट्ट करा. प्लास्टिक लावा. तात्यांनी लिहिलं, वरून सायकलची ट्यूब आवळा, एक नंबर काम होतं.

मी कधी तिथं काही लिहिलं नव्हतं. चष्मा शोधला, आणि एका बोटानं टाइप केलं, कशानंही बूच बांधू नका. पाइप कुठे गळतोय का तेवढं मिस्त्रीला दाखवून घ्या, बाकी थोडा वास येऊ द्या. मग थोडा विचार केला, मुलाला लिंबू आणायला सांगितलं, आणि खाली लिहिलं, गाडी कुठे आहे ते कळवा, मी बसायला येते.